रिटची लेकरं : हॅरिएट टबमनच्या वंशावळीच्या कामाच्या नोंदी

२ जून

वाचनालयाच्या भिंतीवर लावायच्या तक्त्याचं काम आज सुरू केलं. विषय पक्का झाला आहे : हॅरिएट टबमन आणि तिचं घराणं. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, हे आम्ही वाचनगटात पुष्कळदा बोललो आहोत. मात्र जे गुलाम होते, त्यांच्यातल्या एकाही घराची नीट ओळख आमच्यापैकी कोणाला नव्हती. म्हणून एकच घर घ्यायचं आणि ते आजी, आई, भावंडं, भाचरं यांच्यासकट मांडायचं.

सुरुवातीपुरती माहिती अशी. मेरीलँड राज्यात चेसापीक उपसागराच्या पूर्वेला डॉर्चेस्टर काउंटी आहे. सगळी दलदल, खाड्या आणि जंगल. तिथं रिट आणि बेन रॉस यांच्या पोटी अरामिंटा जन्मली. घरात तिला मिंटी म्हणत. लग्नाच्या सुमारास तिनं आईचंच नाव घेतलं, हॅरिएट. नवऱ्याचं आडनाव टबमन. १८४९ साली ती गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत पळाली आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत पुन्हा पुन्हा त्याच दलदलीत परतून तिनं सत्तरेक माणसं बाहेर काढली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी हेरगिरी केली. १९१३ साली न्यू यॉर्क राज्यात ऑबर्न इथं वारली. या पराक्रमावर भरपूर लिहून झालं आहे, त्यामुळे तक्त्यात त्याला दोनच ओळी. तिनं बाहेर काढलेल्यांत बहुतेक तिचे नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे होते. ते नेमके कोण, हे आम्हाला मांडायचं आहे.

५ जून

आज कागद कुठले मिळतील याची यादी केली. जन्माची नोंद नाही, कारण गुलामांच्या जन्माची नोंद ठेवायचीच कोणाला गरज वाटत नव्हती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली एकेका माणसाचं वय, लिंग आणि रंग, एवढंच. नावाचा रकानाच नाही. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा सरसकट दिसतात ती १८७० साली.

त्यामुळे घरात शिरायची वाट मालकाच्या दारातून आहे. मालकाचं मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, अज्ञान वारसाच्या पालकानं कोर्टाला दिलेला हिशेब, खरेदीखत, पळालेल्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षिसाची जाहिरात, वारसांचे आपसातले दावे. जिथं जिथं पैसा हलला, तिथं नाव उमटलं. डॉर्चेस्टरच्या कोर्टाला १८५२ साली आग लागली आणि त्यात बरंच दफ्तर गेलं. जे वाचलं त्यातलं पुष्कळ आज ॲनापोलिसच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि बरंचसं संगणकावर बसल्या जागी वाचता येतं.

आणखी एक गोष्ट आजच ठरवून टाकली. मेरीलँडच्या कायद्यात मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आईच्या मालकाचं. त्यामुळे कागदपत्रं आईच्या मागून चालतात, बाप कित्येकदा कागदावर नसतोच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत बाप, आजा, पणजा अशी पुरुषांची माळ सरसर उलगडत जाते. इथं उलटं होणार. तक्त्याचा कणा बायकांचा : मॉडेस्टी, तिची मुलगी रिट, रिटच्या मुली, त्यांच्या मुली.

९ जून

आजचा पूर्ण दिवस एका वाक्यात गेला.

ॲथो पॅटिसन नावाच्या जमीनदारानं १७९१ साली मृत्युपत्र केलं. तो वारला १७९७ साली. त्यात नात मेरी पॅटिसन हिला त्यानं ‘रिटिया’ नावाची एक मुलगी दिली आहे, आणि तिला पुढं होणारी पोरंबाळंही, ती आणि तिची मुलं पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत.

हीच रिट. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची पोर असावी, कारण तिचा जन्म १७८५ ते १७८७ च्या सुमाराचा धरतात. तिची आई मॉडेस्टी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजातून आलेली. या घराण्याची कागदावरची सुरुवात इथं होते.

‘पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत’ हे शब्द तक्त्याच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरात हवेत, असं मी सुचवलं आहे. त्या हिशेबानं रिटची मुदत १८३० ते १८३२ च्या आत-बाहेर संपत होती. ती संपल्याचं तिला कोणी कळवलं नाही. पुढं १८४५ च्या सुमारास हॅरिएटनं स्वतः कमावलेल्या पैशातून पाच डॉलर देऊन एका वकिलाला जुनं दफ्तर पाहायला लावलं, तेव्हा ही अट तिला कळली. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मालकीत असलेल्या बाईनं आपल्या आईची वंशावळ शोधायला वकील लावला! या घराण्यावर संशोधन करणारी पहिली व्यक्ती तीच. आम्ही सगळे तिच्या मागून चाललो आहोत.

१२ जून

मालकांची साखळी लिहून काढली, कारण ती लागल्याशिवाय रिट कुठं राहत होती हेच कळत नाही.

मेरी पॅटिसनचं लग्न १८०० साली जोसेफ ब्रोडेसशी झालं. १८०१ साली मुलगा एडवर्ड. जोसेफ लवकरच वारला. १८०३ साली मेरीनं अँथनी थॉम्पसन या विधुराशी लग्न केलं आणि रिटला घेऊन त्याच्या वाडीवर, पीटर्स नेक भागात, राहायला गेली. थॉम्पसनकडे बेन रॉस नावाचा माणूस होता, लाकूडतोडीतला जाणता. कोणतं झाड जहाजबांधणीला चालेल हे तो पाहून सांगे. १८०८ च्या सुमारास रिट आणि बेन यांचं लग्न झालं. कायद्याच्या दृष्टीनं त्या लग्नाला किंमत नव्हती, पण ते दोघं मरेपर्यंत टिकलं.

मेरी १८१० च्या आसपास गेली. आता रिट आणि तिची मुलं लहानग्या एडवर्डची मालमत्ता, बेन मात्र थॉम्पसनचा, आणि थॉम्पसन एडवर्डचा पालक. एकाच वाडीत राहणाऱ्या नवरा-बायकोचे मालक वेगळे. एडवर्ड सज्ञान झाल्यावर १८२३-२४ च्या सुमारास त्यानं रिटला आणि मुलांना बकटाउनजवळच्या आपल्या शेतावर नेलं. बेन मागं राहिला.

१३ जून

पालकत्वाच्या हिशेबातून एक नोंद. थॉम्पसननं एडवर्डच्या मिळकतीतून केलेले खर्च कोर्टाला दाखवले आहेत. त्यात मार्च १८२२ मध्ये रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीला दिलेले दोन डॉलर आहेत.

हॅरिएटच्या जन्मसालाचा घोळ प्रसिद्ध आहे. मृत्यूच्या दाखल्यावर १८१५. थडग्याच्या दगडावर १८२०. तिनं स्वतः सांगितलेलं साल १८२५. इतिहासकार केट क्लिफर्ड लार्सन यांनी हा सुईणीचा खर्च पुढं आणला आणि साल १८२२ वर आणून ठेवलं. आम्हीही तेच घेतो आहोत.

मला ही नोंद अस्वस्थ करते. मूल जन्माला आलं आणि त्याची पहिली खूण कुणाच्या तरी खर्चाच्या बाजूला आहे. पण त्याच ओळीमुळे आज आपण तिचा जन्म महिन्यापर्यंत सांगू शकतो. तक्त्यात तिच्या नावाखाली ‘मार्च १८२२ च्या सुमारास’ असं लिहायचं, आणि शेजारी सुईणीच्या दोन डॉलरचा उल्लेख करायचा.

१८ जून

नऊ भावंडं. सालं अंदाजाची, पण क्रम पक्का :

लायना १८०८, मरायाह रिटी १८११, सोफ १८१३, रॉबर्ट १८१६, मिंटी म्हणजे हॅरिएट १८२२, बेन १८२३, रेचल १८२५, हेन्री १८३०, मोझेस १८३२.

पहिल्या तिघी थोरल्या बहिणी. तिघींनाही एडवर्ड ब्रोडेसनं राज्याबाहेर विकलं. मरायाह रिटी १८२५ साली, लायना आणि सोफ पुढं. मुदतीच्या गुलामाला राज्याबाहेर विकायला मेरीलँडमध्ये कायद्यानं बंदी होती, कारण बाहेर गेलेल्या माणसाची मुदत कोण मोजणार? मृत्युपत्रानुसार या तिघीही मुदतीच्याच होत्या. म्हणजे ब्रोडेसनं केलं ते त्या काळच्या त्या राज्याच्या कायद्यानंही गुन्हा होतं. लायनाला नेलं तेव्हा तिची दोन मुलं मागं राहिली : केझाया आणि हॅरिएट. बहिणींना साखळीत बांधून नेताना पाहिल्याचं, आणि त्यातली एक दोन लेकरं मागं टाकून गेल्याचं हॅरिएट म्हातारपणीही सांगत असे.

तिघींच्या नावापुढं रेषा थांबते. तक्ता काढणाऱ्या ताईंनी विचारलं की ही जागा रिकामी दिसेल, तिथं एखादं चित्र टाकायचं का? मी नको म्हटलं. रेषा कागदाच्या दक्षिण कडेपर्यंत न्यायची आणि तशीच सोडायची. त्या वारल्या नव्हत्या, विकल्या गेल्या होत्या. त्यांची मुलंबाळं, नातवंडं आज असू शकतील.

२० जून

मोझेसची गोष्ट वेगळी नोंदवते आहे.

सर्वात धाकटा. जॉर्जियाचा एक व्यापारी त्याला विकत घ्यायला आला. रिटनं पोराला महिनाभर लपवलं. शेजारचे गुलाम आणि मोकळे काळे लोक तिच्या मदतीला होते. शेवटी ब्रोडेस आणि व्यापारी तिच्या खोपटाशी आले, तेव्हा माझ्या घरात जो पहिला पाय टाकेल त्याचं डोकं फोडीन, असं तिनं बजावलं. ते परत गेले. विक्री फसली.

हिशेब करून पाहिला. रिटची मुदत १८३२ च्या आधी संपली असेल, आणि संपल्यावर ती मोकळी धरली गेली असती, तर मोझेस मोकळ्या आईच्या पोटी जन्मला असता. विकायला निघालेलं पोर विकण्यासारखंच नव्हतं, अशी शक्यता उभी राहते. रिटला हे कायद्यानं ठाऊक असण्याचा संभव कमी. मुलगी विकली जाणं म्हणजे काय, हे मात्र तिला तीनदा कळलं होतं.

हॅरिएटच्या धैर्याचं मूळ शोधताना लोक तिच्या स्वप्नांकडे, डोक्याला झालेल्या जखमेकडे, धर्माकडे जातात. ते सगळं आहेच. मला मात्र ही दारात उभी राहिलेली आई सर्वात आधी दिसते.

२५ जून

बक्षिसाची जाहिरात. तारीख ३ ऑक्टोबर १८४९. खाली सही एलायझा ॲन ब्रोडेस हिची, एडवर्डच्या विधवेची. एडवर्ड त्याच वर्षी मार्चमध्ये वारला, कर्ज मागं ठेवून. माणसं विकून कर्ज फेडणार हे उघड होतं. १७ सप्टेंबरला तिघं भावंडं पळाली. जाहिरातीत ती अशी :

हॅरी, वय सुमारे १९, मानेवर कानाखाली गाठ. बेन, वय सुमारे २५, विचारलं की झटकन बोलतो, उंची सहा फुटांच्या आसपास. मिंटी, वय सुमारे २७, दिसायला चांगली, उंची पाच फुटांच्या आसपास. राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यात पकडल्यास पन्नास.

हॅरी म्हणजे हेन्री. १८४९ मधून २७ वजा केले की १८२२. सुईणीच्या नोंदीशी तंतोतंत जुळतं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन कागद एकाच सालावर येतात तेव्हा या कामात खरं समाधान मिळतं. या जाहिरातीची प्रत २००३ साली डॉर्चेस्टरमध्येच सापडली, रद्दीत निघालेल्या कागदांत.

त्या खेपेला भाऊ घाबरून मागं फिरले आणि तिलाही परत घेऊन आले. मग ती एकटी निघाली.

माणसाचं वर्णन पकडण्यासाठी लिहिलेलं आहे, पण मानेवरची गाठ, झटकन बोलणं, पाच फूट उंची हे सगळं आपल्याला दुसरीकडे कुठं मिळालं असतं? तक्त्यात तिघांच्या चौकटीत ही वर्णनं जशीच्या तशी टाकायची. बक्षिसाची रक्कम चौकटीबाहेर.

१ जुलै

जन्मस्थळ. पूर्वीच्या लिखाणात सरसकट बकटाउन असे. कागदांचा क्रम लावला की तसं बसत नाही, कारण १८२२ साली रिट अजून थॉम्पसनच्या वाडीवर होती. म्हणून पीटर्स नेक.

अँथनी थॉम्पसन १८३६ साली वारला. त्याच्या मृत्युपत्रानं बेन रॉस १८४० साली मोकळा झाला आणि हयातभर वापरायला त्याला दहा एकर जमीन मिळाली. ती जागा आता ब्लॅकवॉटर अभयारण्यात आहे. अभयारण्यानं २०२० साली ती जमीन घेतल्यावर पुरातत्त्वज्ञ ज्युली शाब्लिट्स्की यांच्या पथकानं तिथं खोदकाम केलं आणि २०२१ साली बेनच्या घराची जागा सापडल्याचं जाहीर झालं. विटा, फुटक्या बशांचे तुकडे, आणि १८०८ सालचं एक नाणं. बेन आणि रिटच्या लग्नाचं साल. योगायोगच, पण तक्त्यावर तो टाकायचाच, याबद्दल गटात कोणाचं दुमत नव्हतं.

८ जुलै

केझाया. लायनाची मुलगी, हॅरिएटची भाची. दोघींच्या वयात फार अंतर नाही.

डिसेंबर १८५०, केंब्रिज गावचं कोर्ट, त्याच डॉर्चेस्टर काउंटीतलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर केझायाचा आणि तिच्या दोन मुलांचा लिलाव पुकारला. मुलगा जेम्स आल्फ्रेड आणि तान्ही अरामिंटा. केझायाचा नवरा जॉन बाउली मोकळा होता, जहाजावर सुतारकाम करणारा. गर्दीतून बोली लागली आणि स्वीकारली गेली. पैसे भरायची वेळ आली तेव्हा बोली लावणारा जॉनच निघाला, आणि पैसे काही पुढं आले नाहीत. लिलाव पुन्हा पुकारेपर्यंत केझाया आणि मुलं गायब. जॉननं रात्री होडीतून त्यांना उपसागर ओलांडून बाल्टिमोरला नेलं. तिथं मावशी वाट पाहत होती. हॅरिएटनं बाहेर काढलेले हे पहिले लोक.

ताईंनी विचारलं, तान्ह्या मुलीचं नावही अरामिंटा कसं? नावांची ही पुनरावृत्ती या घराण्यात सगळीकडे आहे. आई हॅरिएट, लेक हॅरिएट, लायनाची धाकटी हॅरिएट, रॉबर्टची मुलगी हॅरिएट. बाप बेन, मुलगा बेन, रेचलचा मुलगाही बेन. आडनाव मालक बदलला की बदलू शकत होतं, माणूस विकला की दृष्टीआड होत होता. नाव मात्र घरच्यांना ठेवता येत होतं. शोध घेणाऱ्यालाही ही नावं उपयोगी पडतात : पळून कॅनडात गेलेल्या एखाद्या घरात अरामिंटा आणि बेन शेजारी-शेजारी दिसले की थांबून पाहावं.

१५ जुलै

१८५४ चा नाताळ. रॉबर्ट, बेन आणि हेन्री यांना सणाच्या दुसऱ्या दिवशी विकायचं ठरलं होतं. हॅरिएटनं जेकब जॅक्सन या मोकळ्या, साक्षर माणसाला सांकेतिक पत्र पाठवून भावांना निरोप दिला.

ठिकाण पॉप्लर नेक, बेन आणि रिट तेव्हा तिथं राहत होते. भाऊ आणि हॅरिएट घराजवळच्या चाऱ्याच्या खोपटात लपले. रिटला सांगितलं नाही, कारण तिनं आनंदानं किंवा रडून सगळं उघडं केलं असतं. ती नाताळच्या जेवणाला मुलांची वाट पाहत बसली होती आणि मुलं फटीतून तिच्याकडे पाहत होती. बाप बेननं अन्न आणून दिलं, आणि मुलांना निरोप देताना डोळ्यांवर रुमाल बांधला. पुढं विचारलं तर मी मुलांना पाहिलं नाही, असं त्याला खरंच सांगता यावं म्हणून.

या खेपेचे तीन कागद मिळतात. पळालेल्यांना मदत करणाऱ्या थॉमस गॅरेट यांचं २९ डिसेंबरचं विल्मिंग्टनहून पत्र : हॅरिएट टबमन, सहा पुरुष आणि एक बाई यांना पुढं पाठवलं. दुसरा, फिलाडेल्फियात पळून आलेल्यांना मदत करणारे विल्यम स्टिल यांनी नोंदवहीत लिहिलेली नावं, जुनी आणि नवी. तिसरा पुरावा म्हणजे पुढची कॅनडातली वस्ती. रॉबर्टचा झाला जॉन स्टुअर्ट, बेनचा जेम्स स्टुअर्ट, हेन्रीचा विल्यम हेन्री स्टुअर्ट. बेनची होणारी बायको जेन केन पुरुषाच्या वेशात निघाली होती, ती झाली कॅथरिन. स्टिल यांनी दोन्ही नावं शेजारी लिहिली नसती, तर रॉस आणि स्टुअर्ट हे एकच घर आहे हे जोडणं महाकठीण झालं असतं.

रॉबर्टची बायको मेरी निघायच्या वेळीच बाळंत झाली. त्याला निघायला उशीर झाला तो त्यामुळे. ती मुलगी म्हणजे वर लिहिलेली रॉबर्टची हॅरिएट.

१६ जुलै

स्टिल इतक्या बारकाईनं का लिहीत होते, याचं कारण तक्त्याच्या समासात द्यायला हवं. ऑगस्ट १८५० मध्ये त्यांच्या कार्यालयात पीटर नावाचा मध्यमवयीन माणूस आला. चाळीसेक वर्षांपूर्वी मागं राहिलेलं आपलं घर शोधत होता. तो आई-बापांची नावं सांगत गेला आणि समोर बसलेल्या स्टिल यांच्या लक्षात आलं की हा आपलाच भाऊ, आपल्या जन्माआधी दक्षिणेत विकला गेलेला. त्यानंतर येईल त्याची हकीकत, आई-बाप, भावंडं, मालक, सगळं ते लिहू लागले, पुढं कोणी शोधत आलं तर सापडावं म्हणून. हे कागद हाती लागले असते तर कित्येकांना पुन्हा बेड्या पडल्या असत्या, म्हणून त्यांनी ते लपवून ठेवले आणि युद्धानंतर छापले.

मालकांच्या दफ्तरांत इतके दिवस घालवल्यावर माणसं जोडण्यासाठी लिहिलेली ही पहिली वही मला भेटली. स्टिल यांना समासात न ठेवता तक्त्यावरच जागा द्यावी, असं आता वाटतं.

२४ जुलै

पंचेचाळीस वर्षांच्या अटीचा शेवटचा धागा. पॅटिसनच्या वारसांनी १८५० च्या दशकात एलायझा ब्रोडेसवर दावा लावला. म्हणणं असं : आजोबांनी रिट आणि तिची मुलं मेरीला दिली ती पंचेचाळीस वर्षांपुरती, त्यानंतर ती मोकळी होतात असं कुठं लिहिलं आहे? म्हणजे ती आमच्याकडे परत यायला हवीत. दोन्ही बाजू मालकीसाठी भांडत होत्या. रिटच्या बाजूनं कोणी नव्हतं. पण त्या भांडणात साक्षीदारांना रिटचं वय, तिची मुलं, कोण कधी विकलं गेलं हे सांगावं लागलं. कोर्ट जळल्यावर आज या घराची जी माहिती उरली आहे, तिच्यात या जबान्यांचा मोठा वाटा आहे.

आणि १८५५ साली बेननं एलायझाला वीस डॉलर देऊन आपली बायको विकत घेतली. सत्तरीची, मृत्युपत्राच्या साध्या वाचनानं वीसेक वर्षांपूर्वीच मोकळी झालेली बायको. १८५७ साली हॅरिएट दोघांना घेऊन गेली, कॅनडात सेंट कॅथरिन्सला.

३० जुलै

रेचल. हॅरिएटला जी बहीण आणायची होती आणि आणता आली नाही ती. रेचलची मुलं तिच्यापासून दूर ठेवली होती आणि मुलांना सोडून ती निघायला तयार नव्हती. १८६० च्या अखेरीस हॅरिएट शेवटच्या खेपेला आली तेव्हा रेचल वारलेली होती. मुलं बेन आणि अँजरीन यांना सोडवायला तीस डॉलर कमी पडले. ती त्या खेपेला दुसरं एक कुटुंब घेऊन परतली.

मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली १ नोव्हेंबर १८६४ रोजी. बेन आणि अँजरीन यांची नावं तक्त्यात इतर भाचरांच्याच आकारात.

६ ऑगस्ट

ऑबर्नची बाजू. १८५९ साली न्यू यॉर्कचे सिनेटर विल्यम सुअर्ड यांनी सात एकर जागा घरासह तिला १,२०० डॉलरना विकली, हप्त्यांनी. आई-बापांना तिनं कॅनडाच्या थंडीतून इथं आणलं. बेन १८७१ साली गेला, रिट १८८० साली. नव्वदी ओलांडलेली रिट मुलीच्या स्वतःच्या घरात वारली.

तिचा पहिला नवरा जॉन टबमन मेरीलँडमध्येच राहिला. हॅरिएट त्याला न्यायला परत आली तेव्हा त्यानं दुसरं लग्न केलेलं होतं. १८६७ साली रस्त्यावरच्या भांडणात एका गोऱ्यानं त्याला गोळी घातली आणि तो गोरा निर्दोष सुटला. १८६९ साली हॅरिएटनं नेल्सन डेव्हिस या माजी सैनिकाशी लग्न केलं. तो १८८८ साली वारला आणि मग सुरू झालं निवृत्तिवेतनाचं प्रकरण.

विधवेला पैसे देण्याआधी सरकारला सगळं सिद्ध करून हवं होतं : पहिला नवरा खरंच मेला का, दुसरं लग्न कायदेशीर का, नेल्सन डेव्हिस आणि सैन्यातला नेल्सन चार्ल्स एकच का. त्यासाठी तिनं आणि शेजाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. दोन्ही नवऱ्यांपासून आपल्याला मूल झालं नाही, हेही तिनं त्यात शपथेवर सांगितलं आहे. १८९५ पासून महिना आठ डॉलर मिळू लागले, १८९९ साली ते वीस झाले.

प्रकरण तिच्यासाठी जाचाचं होतं. पण जिचा जन्म दुसऱ्याच्या खर्चात नोंदला गेला, तिचं आयुष्य इथं तिच्याच तोंडून लिहिलं गेलं. तक्त्यातला हा कोपरा मी मोठा ठेवते आहे.

दत्तक मुलगी गर्टी, १८७४. आणि मार्गारेट. मार्गारेटला हॅरिएटनं लहानपणी मेरीलँडहून आणलं आणि सुअर्डांच्या घरी वाढायला ठेवलं. सगळ्यांना ती भाची म्हणून सांगितलेली. मार्गारेटची मुलगी ॲलिस हिनं १९३९ साली पत्रांतून लिहिलं की तिच्या आईला घरच्यांच्या नकळत उचलून आणलं होतं आणि आई हॅरिएटसारखीच दिसे. नऊ भावंडांपैकी कोणाच्याही मुलांत मार्गारेट बसत नाही. तक्त्यात तिची चौकट हॅरिएटशेजारी, तुटक रेषेनं जोडलेली.

११ ऑगस्ट

वरच्या टोकाचा प्रश्न आज मिटला. एका सदस्याचं म्हणणं होतं की मॉडेस्टीच्या वर ‘अशांती’, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या त्या नावाच्या लोकांतली, असं लिहावं, कारण तसं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. हॅरिएटला तिच्या स्वभावावरून लोक तसं म्हणत, हे खरं. त्याला आधार देणारा कागद नाही. मॉडेस्टीच्या वर जहाज काढायचं, आणि जहाजाच्या वर आफ्रिका. आफ्रिकेत बोट कुठंही टेकवायचं नाही.

१७ ऑगस्ट

ताईंनी अंतिम मसुदा आणला. स्टिल यांना जागा मिळाली आहे. विकलेल्या बहिणींच्या तीन रेषा दक्षिणेच्या कडेपर्यंत गेल्या आहेत. जाहिरातीतली वर्णनं नीट बसली.

एक भर. केझायाच्या मुलाच्या, जेम्स आल्फ्रेडच्या चौकटीत फक्त ‘१८५० चा लिलाव, वय सुमारे सहा’ एवढंच होतं. युद्धानंतर तो दक्षिण कॅरोलिनात जॉर्जटाउनला शिक्षक म्हणून गेला, तिथून त्यानं मावशीआजीला पत्र लिहिलं, आणि १८६९ पासून तो त्या राज्याच्या विधिमंडळात होता. हे त्याच चौकटीत, लिलावाच्या खालच्या ओळीत घालायला सांगितलं आहे. मग छपाई. कॅनडातल्या स्टुअर्ट शाखेचा वेगळा छोटा तक्ता गणपतीनंतर घेऊ.